नाकानं चाखलेली वाइन

दारूचा थेंब जिभेला न लावता दारूचा स्वभाव ओळखणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तोही पाच वेळा नमाज पढणारा. बुलढाण्याला साहेबांच्या बंगल्यावर ते खानसामा होते आणि मी कचेरीतला उमेदवार कारकून. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मोताळ्याच्या बाजारात ते तांदूळ दाताखाली धरून पाहत नसत. मूठभर नाकाशी नेत आणि "जुन्यात नवा मिसळला, भाऊ," असे व्यापाऱ्याला हळूच सांगत, जणू त्याच्या घरच्या दुखण्याचा विषयच काढत आहेत. एकदा माझ्या शेजारून जाताना थबकले. "बाबू, आज घरी वरण करपलं काय?" करपले होते. त्या दिवसापासून बायको मला बंगल्यावर धुतलेल्या सदऱ्याशिवाय जाऊ देईना.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले. तिथले मोठे साहेब दुपारच्या जेवणाला येणार, म्हणून आमच्या साहेबांच्या मडमेने फ्रान्सच्या गोड पांढऱ्या वाइनची एकुलती एक बाटली काढून दिली. शेवटी पुडिंगबरोबर वाढायची, असा हुकूम झाला. चाचांनी बूच काढून हुंगले आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

"मध हाये, जर्दाळू हाये. गोडासंगं गोड देलं तं दोन्ही मरते. इले खारट पाह्यजे. कलेजी पाह्यजे."

"चाचा, मडमेचा हुकूम आहे. काऊन नोकरीवर उठता?"

"हुकूम तिचा, पण अन्नाचं पाप माह्या माथ्यावर, बाबू."

कागद घेऊन मी दाराशी उभा होतो, म्हणून सगळे दिसले. सूप झाल्यावर चाचा स्वतः आत गेले. तुपात परतलेली, मीठ-मिरी लावलेली बकऱ्याची कलेजी त्यांनी वाढली आणि पेल्यांत ती सोनेरी वाइन ओतली. मडमेचा चेहरा लालबुंद झाला. आमच्या साहेबांनी काटा खाली ठेवला. मोठ्या साहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला, एक घोट घेतला आणि तसेच थांबले. पंख्याची दोरी तेवढी कुरकुरत होती.

"ये किसने सोचा?" मोठ्या साहेबांनी विचारले.

"हुजूर, गलती मेरी," मडमेने तोंड उघडण्याआधीच चाचा म्हणाले.

मोठ्या साहेबांनी एक पेला भरला आणि चाचांपुढे धरला. "तुम भी पियो."

एवढ्या मोठ्या साहेबाच्या हातचे नाकारायचे म्हणजे काय, हे मला कळत होते. चाचांनी थाळी खाली ठेवली आणि हात जोडले.

"माफी, हुजूर. नाक को मना नहीं है, जबान को है."

पेला हवेत तसाच राहिला. मग साहेबांनी तो सावकाश खाली घेतला, स्वतःच रिकामा केला आणि आणखी कलेजी मागितली. मडम सगळ्यांत शेवटी हसली, पण हसली.

पाहुणे गेल्यावर स्वैपाकखोलीत चाचांनी बाटलीतले उरलेले दोन घोट आणि कलेजीचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. "तुमाले चालते, घ्या." मी घेतले. ते समोर स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कशी लागते?"

"गोड आहे."

"थे तं मले मालूम हाये. कलेजीसंगं कशी लागते?"

मी पुष्कळ विचार केला. "बरी लागते, चाचा."

मी आणखी काही म्हणेन म्हणून ते थोडा वेळ थांबले. मग "असू द्या, बाबू," म्हणाले आणि भांडी आवरायला उठले. उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाच कुणाला चव विचारली होती, आणि सांगायला नेमका मी मिळालो.