सीलबंद बेअरिंगला ग्रीस

आमच्या घरात ग्रीसचं खातं माझ्याकडे आहे. ऊस अण्णांकडे, घर आईकडे, आणि ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, कडबाकुट्टी यांच्या सांध्यासांध्यांत ग्रीस भरणं माझ्याकडे. (हे खातं मला कुणी दिलं नाही. दुसरं काही माझ्या हाती देऊन चालत नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं.) माझी पद्धत सोपी आहे. ग्रीसगन लावायची आणि दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. बाहेर आलं की समजायचं, पोट भरलं.

मागच्या वर्षी धाकट्या भावानं, विष्णूनं, बोट आणली. शहागडजवळ आमचं शेत थेट गोदावरीच्या काठाला आहे, पण नदीचा आमच्याकडे उपयोग काय, तर मोटार टाकायची आणि पाणी उपसायचं. त्या पाण्यात जाऊन बसावं, असं कुणाला कधी सुचलं नव्हतं. विष्णूला सुचलं. कुठल्याशा बंद पडलेल्या बोटक्लबातून त्यानं ही जुनी मोटारबोट उचलली. हायवेवर चहाला थांबणाऱ्या लोकांना नदीत फिरवून आणायचं, असा बेत. उन्हाळाभर तो तिच्याच पोटात डोकं घालून होता.

अण्णांना ती दारात दिसली की चहा गोड लागत नसे.

"विष्णू, लोक दारात ट्रॅक्टर उभा करतेत. तू जहाज उभं केलं."

"अण्णा, एक मौका द्या फक्त."

अण्णांनी दिला. यंदा दसऱ्याचं सीमोल्लंघन बोटीतून करायचं. नदीपल्याड बीड जिल्हा, म्हणजे सीमा अगदी सरकारी! तिकडून आपट्याची पानं आणायची. नीट परत आलो तर बोट राहील. कुठं खोट निघाली तर भंगारात जाईल. विष्णूनं मान हलवली, पण त्याचा चेहरा पडला होता. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्याला मदत करायचं ठरवलं. पुढचं सगळं या मदतीमुळे झालं.

खंडेनवमीला आम्ही सगळी अवजारं धुऊन, तेलपाणी करून पूजेला मांडतो. कोरड्या अवजाराला आमच्याकडे हार घालत नाहीत. ट्रॅक्टर उरकून मी ग्रीसगन घेऊन बोटीच्या मागं गेलो. या बोटीचं इंजिन आत आणि पंखा बाहेर. दोघांना जोडणारा एक दांडा, त्या दांड्याला धरणारं बेअरिंग, आणि पाणी आत शिरू नये म्हणून भोवती रबराचा भाता.

"दादा, तिथं हात लावू नको," विष्णू म्हणाला. "नवीन बेअरिंग सीलबंद टाकलंय. आतलं ग्रीस जन्मभर पुरतं."

"जन्मभर? मला दोन टाइम जेवण लागतं, अन् ह्याला एकदाच?"

"आत जायला त्याला भोकच न्हाई."

"मंग हे ग्रीस भरायचं निपल कशाला ठेवलं?"

"ते जुन्या बेअरिंगचं. तसंच राहू दिलं. त्याचा आता काही संबंध न्हाई."

एवढं बोलून तो झेंडू आणायला गेला. मागं राहिलो मी आणि ते निपल. समोर निपल आहे, हातात ग्रीसगन आहे, आणि भरायचं नाही? दारात आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही? मी दाबायला सुरुवात केली. गन रिकामी झाली, बाहेर काही येईना. परत भरली, ती पण गेली. (बिचारं किती दिवसांचं उपाशी होतं कोण जाणे, म्हणून मला गलबलून आलं.) शेवटी आतून 'फस्स' असा आवाज झाला आणि रबराच्या कडेनं पिवळंधमक ग्रीस बाहेर आलं. तृप्त मनानं मी ते पुसलं आणि मोठ्यातला मोठा हार घातला.

दसऱ्याला बोट पाण्यात उतरली. विष्णूनं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घातली होती. नव्या धोतरावर ते जॅकेट घालून अण्णा बैलगाडीत बसावं तसे मधोमध बसले. आई पूजेचं ताट आणि तांब्या घेऊन शेजारी. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मी विष्णूकडे पाहून भुवया उडवल्या.

नदीच्या मध्यावर आई म्हणाली, "विष्णू, माझे पाय ओले होऊन राह्यले."

"लाट आली असंल."

"लाट खालून येती का?"

विष्णूनं इंजिनावरचं झाकण उचललं. खाली पाणी होतं, आणि पाण्यावर ग्रीसचे पिवळे गोळे तरंगत होते. ग्रीसनं फुगून रबराचा भाता फाटला होता, माझ्या मदतीनं.

"दादा," विष्णू म्हणाला. त्यानं एक गोळा उचलून माझ्यापुढं धरला.

"बाहेर आलं होतं रे बराबर," मी म्हणालो.

इंजिन बंद करावं लागलं. आई तांब्यानं पाणी उपसू लागली, मी ताटानं. विष्णू बांबूनं बोट आमच्याच काठाकडे रेटत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला बघवेना. अण्णा काठाकडे पाहत होते.

"विष्णू, ते हिरवंगार कुणाचं?"

"आपलंच, अण्णा. आपला ऊस."

अण्णा उठून उभेच राहिले. बोट कलली, मी ताटासकट आडवा झालो, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"सारी जिंदगी त्याच्यात राबलो," ते म्हणाले, "पण अख्खा कधी दिसला न्हाई. काय देखणा दिसून राह्यला रे."

काठाला लागेपर्यंत ते उभेच होते. बीड जिल्हा तसाच पलीकडे राहिला. विष्णूनं खाली मान घालून दोर बांधला.

"उद्या भंगारवाल्याला बोलावतो, अण्णा."

"कशाला? रबर नवं टाक जल्दी. दिवाळीत पोरी-जावई येतेत, त्यांना ऊस दाखवायचाय."

"पण खोट निघाली तर भंगारात, म्हणले होते तुम्ही."

"निघाली ना," अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले. "पण बोटीत न्हाई."

आईनं मला नीट निरखून पाहिलं. "अन् ह्याला कोण घेतंय भंगारात?"

सगळे हसले, मीही हसलो. पण दिवाळीआधी भंगारवाल्याची हाक दारात आली, तेव्हा तो जाईपर्यंत मी उसातच बसून होतो.