तपकिरी दाण्यातली फुली

लॅबमध्ये तिला सगळे भिंगवाली म्हणत. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई. तिच्या रिपोर्टवर डॉक्टरसुद्धा डोळे झाकून सही ठोकायचे. अहो, तिथंच तर घोडं पेंड खातं!

नऊ वर्षांपूर्वी तिच्या सख्ख्या ताईच्या थोरल्या मुलीला मुतखडे झाले, तेव्हा लघवी हिनेच तपासली. काचेवर तपकिरी, गोल गोल दाणे. तपकिरी म्हणजे यूरिक अ‍ॅसिड, असं सवयीने लिहून मोकळी झाली. मग काय, ताई पाण्याची निळी बाटली घेऊन हात धुऊन पोरीच्या मागे लागली.

"पाणी पीत नाहीस, म्हणून होतात खडे!"

"पितेय गं आई, खरंच."

"खोटारडी कुठली!"

पोर बापडी घटाघटा प्यायची आणि वर बोलणी खायची. विसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. वर्षभरात तीही गेली.

आणि परवा ताईच्या धाकटीच्या कुशीत कळ आली. काचेवर पुन्हा तेच दाणे. या वेळी भिंगवालीने सोड्याचं पाणी टाकून पाहिलं. यूरिक अ‍ॅसिड असतं तर विरघळलं असतं, पण हे ढिम्म. मग खणात धूळ खात पडलेल्या, उजेड गाळणाऱ्या दोन काचा तिने मायक्रोस्कोपला खाली-वर लावल्या. दाण्यादाण्यात एक पांढरी फुली लखलखली. ही खूण दुसऱ्याच एका दुर्मीळ आजाराची.

थोरलीचा एक खडा तिने डबीत जपून ठेवला होता. मोठ्या लॅबने तो खडा आणि धाकटीची लघवी तपासून कळवलं, की आजार एकच. शरीरातलं एक एन्झाइम जन्मापासूनच कमी, आईबापांकडून आलेला दोष. वेळेत कळलं तर रोज एक गोळी, जन्मभर. किडनी शाबूत.

धाकटी वाचणार होती. थोरलीबद्दल भिंगवालीने अवाक्षर काढलं नसतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ताईने ती एवढीशी गोळी तळहातावर घेऊन विचारलंच, "थोरलीलाही हेच होतं का गं?"

"हो, ताई. चुकीचं लिहिणारी मीच."

ताई आता जन्मात आपलं तोंड बघणार नाही, अशी मनाची तयारी करून ती उभी होती. ताईचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती फळीवरच्या निळ्या बाटलीकडे बघत होती.

"म्हणजे पीत होती गं ती पाणी," ताई म्हणाली. "खरंच पीत होती."