बर्फ वितळेपर्यंत थंड पाणी नाही

धाकटा भाऊ फौजेत आहे. गेल्या हिवाळ्यात त्याची ड्यूटी बर्फाच्या डोंगरावर लागली आणि आईने कळंबच्या चिंतामणी गणपतीसमोर थंड पाणी सोडलं. पोराच्या डोंगरावरचा बर्फ वितळेपर्यंत माठाला हात लावायचा नाही. आमच्याकडे बाया असं काही ना काही सोडतातच. कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. ऐन थंडीत सोडलेल्या थंड पाण्याचं मला काहीच वाटलं नाही. उन्हाळा लागला तेव्हा डोळे उघडले.

आमच्या घाटंजीचा मे महिना. दुपारी पितळी घागर हाताला चटका देते आणि आई तिच्यातलंच पाणी पीत होती. एक दिवस चक्कर येऊन ओट्यावरच पडली. मी रागावले, रडलेसुद्धा. पण तिचा हिशेब पक्का होता. आमची वरची खोली टिनाची, खालच्या खोलीपेक्षा कितीतरी तापते. मग जितकं वर तितकी गरमी जास्त, हे काय कुणी शिकवायला पाहिजे? त्यात भावाने पाठवलेला फोटो. उन्हाने नाक सोललेलं, तोंड काळंठिक्कर.

"पाह्य, किती ऊन हाये तिथं," ती मला म्हणाली. "आता वितळतेच तो बर्फ."

भावाचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, बर्फ वितळला का. तो बिचारा हसून नाही म्हणायचा. तिच्या नवसाचं त्याला कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद होती.

खरं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं. नाक सोलून निघेल इतकं ऊन आणि बर्फ जागचा हलत नाही, हे काय गौडबंगाल? एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला चैन पडत नाही. मोबाइलवर वाचत बसले, गॅसवरची भाजी करपली. जे कळलं त्याची इतकी मजा वाटली की आपण हे कुणासाठी शोधतोय तेच क्षणभर विसरले. ऊन हवेतून आरपार येतं, तिला फारसं तापवत नाही. ते तापवतं जमिनीला, आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर जाते, तिथे दाब कमी म्हणून ऐसपैस पसरते आणि पसरता पसरता गार होते. वरची हवा इतकी विरळ की ऊब धरून ठेवायला तिच्यात दम नाही. राहिलं ऊन, तर ते पांढरा बर्फ परतवून लावतो. जो थोडाफार वितळतो, त्याची भरपाई नवा बर्फ पडून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल अंगणात घेतली. आईचं बोट चाकाच्या व्हॉल्व्हपाशी धरलं आणि हवा सोडली.

"गार लागते वं," ती म्हणाली.

"कोंडलेली हवा मोकळी झाली का गार होते. वर जाणाऱ्या हवेचंही तसंच."

"अन् ऊन? त्याचं तोंड तं भाजलं."

"आपण टिनावर चुना कायले मारतो?"

"ऊन परतून जावं म्हून."

"बर्फ तं चुन्याहून पांढरा."

तिने बोट पदराला पुसलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे तो वितळनारच नाही?"

"नाही. शिखरावरचा बारा महिने राहते."

"मंग देवानं माहा नवस काहून आइकून घेतला?"

मला धास्ती वाटली की आता ही बाई जन्मभर तापलेलं पाणी पिणार.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आईने बर्फाचं नावही काढलं नाही. "खाली कधी उतरशील?" एवढंच विचारलं. दिवाळीच्या आत उतरवतील, असं तो म्हणाला. तिने फोन माझ्या हातात दिला, सरळ माठाकडे गेली आणि उभ्या उभ्या गिलासभर पाणी प्यायली. मग आणखी एक गिलास.

"अन् देवाजवळ सोडलेलं?" मी विचारलं.

"आता बर्फाची नाही, पोराची वाट पाहाची हाये," ती तोंड पुसत म्हणाली. "दिवाळीपर्यंत जित्तं राहा लागन ना मले."