रतनबाईंच्या वाटेचा नकाशा

आपण जिवंत आहोत हे सांगायला रतनबाईंना दरवर्षी तालुक्याला जावं लागतं. निराधार पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. तो अंगठा ठेवून ऑनलाइन निघतो आणि आमच्या वाडीत ऑनलाइन काहीच निघत नाही. गेल्या वर्षी त्या तीनदा गेल्या. दोनदा सर्व्हर बंद होता. तिसऱ्यांदा त्यांचा घासलेला अंगठा यंत्रानं ओळखला नाही.

"मी जिती हाय हे माझ्या शेरडांना कळतं, त्या डबड्याला कळंना," असं म्हणत त्या दिवशी त्या एसटीतून उतरल्या आणि थेट आमच्या समितीच्या बैठकीत येऊन बसल्या.

समिती म्हणजे आम्ही सहा-सात जण. फाट्यावर इसाकभाईंचं विहिरीच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायचं दुकान आहे, तिथं जमायचो. मागणी एकच होती, वाडीला ब्रॉडबँड द्या. अडचण अशी की कागदावर तो दोन वर्षांपूर्वीच दिलेला आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पांढरी पेटी आहे आणि तिच्यात हिरवा दिवाही लागतो. पेटीतून निघालेली केबल जमिनीत शिरते. इसाकभाईंनी ती एकदा ओढली, तर गाजर उपटावं तशी हातात आली. तीन हात लांब, टोकाला काळी टेप. चर खोदून केबल टाकायचं काम वाडीतल्याच सोमनाथनं घेतलं होतं.

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "एका जागी नेट नाही म्हणजे गावात नाही, असं होत नाही. पूर्ण शिवाराची महिनाभराची नोंद आणा."

मी सॉफ्टवेअरचं काम करते. दर दहा मिनिटांनी जागा, वेळ आणि नेटचा वेग आपोआप टिपून ठेवणारं एक छोटं ॲप मी बनवलं. पण रोज सगळं शिवार फिरणार कोण? तसं माणूस वाडीत एकच होतं. गायरान, नाला, पडकं देऊळ, चिंच, परत घर. चाळीस वर्षं रतनबाईंची तीच वाट, त्याच वेळा. मी दिलेला फोन त्यांनी पिशवीत टाकला आणि एकतीस शेळ्या पुढं घालून निघाल्या.

महिन्यानं मी नकाशा छापला. तांबडी रेघ, रेघेवर ठिपके, प्रत्येक ठिपक्याशी वेळ आणि वेग. वेग बहुतेक ठिकाणी शून्य. वर ठळक अक्षरांत लिहिलं : रतनबाई यांचा रोजचा मार्ग, वेळेसह. एक प्रत साहेबांना दिली, एक मोठा फलक ग्रामपंचायतीसमोर लावला आणि तालुक्याला जाऊन नकाशा तिथल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला. मला फार अभिमान वाटत होता.

इसाकभाई फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. "लई झ्याक झालाय. पण येळ कावून लिवली?"

"वेळेशिवाय पुरावा धरत नाहीत, भाई."



चार दिवसांनी फोनची बॅटरी बदलून द्यायला मी रतनबाईंसोबत नाल्यावर गेले. पाण्याजवळ पांढरी जीप उभी होती आणि बॉनेटवर सोमनाथ बसला होता.

"या मावशी. धा मिनटं उशीर झाला."

"तू हितं कावून रे?"

"तुमचीच वाट बघतोय. नकाशात बारा लिवलंय नव्हं." तो बोटांवर मोजू लागला. "सव्वा एकला देवळामागं. दोन ते तीन चिंचंखाली आडवं व्हता. एकट्याच. बरुबर?"

"बरुबर. मधी एकदा झाडीतबी जाते. ते न्हाई का लिवलं त्यात?"

सोमनाथ मोठ्यानं हसला. मग माझ्याकडं वळला. "ताई, तुमी लई शिकलेल्या. एवढी बातमी काढायला मला दोन माणसं लावावी लागली असती." आणि पुन्हा रतनबाईंना, तितक्याच मऊ आवाजात म्हणाला, "एकवीस तारखेला साहेब येणार हाईत. तुमी एवढंच म्हणायचं, फोन बंद व्हता, मला कळलं न्हाई. मग आपलं कायबी भांडण न्हाई. गायरान काय तुमच्या नावावर न्हाई, मावशी."

जीप शेळ्यांच्या अगदी अंगाला घासून, हळू, गेली.

संध्याकाळी मी फलक उतरवला. ग्रुपवरचा नकाशा मात्र परत घेता येत नव्हता. तो कुठल्या कुठं गेला होता. रतनबाईंनी दुसऱ्या दिवसापासून वाट बदलली. पण दुपार झाली की शेळ्या आपसूक नाल्याकडं वळायच्या. पाणी कुठं आहे हे त्यांना पाठ होतं. तीन दिवस रतनबाईंनी त्या काठीनं आवरल्या. चौथ्या दिवशी नऊ जणी हातातून सुटल्या.

रतनबाई पोचल्या तेव्हा शेळ्या पाण्याकाठी थरथरत होत्या. पोटं फुगलेली, तोंडाला फेस. रतनबाईंनी फोन काढला. रेंज नव्हती. त्या जागेवर नकाशात मीच शून्य लिहिलं होतं. रतनबाई फाट्यापर्यंत पळत आल्या, मग इसाकभाई मोटारसायकलवर जनावरांच्या डॉक्टरला आणायला गेले. यायला दोन तास लागले, तोवर नऊच्या नऊ गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पाण्यात युरिया आहे. लगेच कळलं असतं तर व्हिनेगर पाजायला फोनवरच सांगितलं असतं, एखाददुसरी वाचली असती.

युरिया कुणी टाकला, हे कुणी पाहिलं नाही.

सोमनाथ दुसऱ्या दिवशी सांत्वनाला आला. ओट्यावर बसला, चहा पण घेतला. "वंगाळ झालं. आता ऱ्हायलेली तरी जपा. बावीसच हाईत ना?" त्यानं मोजून ठेवल्या होत्या.

तो गेल्यावर इसाकभाई म्हणाले, "मावशी, नाव मागं घ्या. इतकी वर्षं नेटबिगर काय मेलो न्हाई आपण."

"तू घे की मागं. दुकानाला शटर हाय तुझ्या." रतनबाई चुलीतला जाळ सारखा करत राहिल्या. "म्हयनाभर मी हिंडले. आन आता म्हनू, हिंडलेच न्हाई?"

एकवीस तारखेला साहेब आले. ग्रामपंचायतीच्या आवारात टेबल मांडलं होतं. रतनबाई आल्या त्या एकट्याच. मागं शेळी नाही, हातात काठी नाही. चालताना त्या सारख्या मागं वळून बघत होत्या आणि मागं काहीच नव्हतं.

"शेळ्या?" मी विचारलं.

"बहिणीकडं धाडल्या. दिंद्रुडला. काल टेंपोत घालून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "समद्या. माझ्यापायी त्या कावून मराव्या?"

साहेब नाल्यापर्यंत जाऊन आले. स्वतःच्या फोनवर चार ठिकाणी तपासलं. शून्य. पेटीखालची केबल इसाकभाईंनी त्यांच्यासमोर ओढून दाखवली. मग ते टेबलाशी बसले आणि जबाब लिहायला घेतला. सोमनाथ, हात मागं बांधून, त्यांच्या खुर्चीशेजारी उभा होता.

"फोन चालू होता?"

"चालू व्हता. रोज. कुटंच लागला न्हाई."

"कुणी सांगितलं म्हणून बोलताय?"

"न बोलायला सांगणारे भेटले, साहेब. बोल म्हणणारं कुणी न्हाई."

साहेबांनी मान न उचलता लिहिलं. नाव. वय. "राहायला कुठं?"

"हितंच. वाडीत."

"घरी कोण कोण?"

रतनबाईंनी पुन्हा मागं वळून बघितलं. मी पुढं झाले, पण तोवर सोमनाथ बोलला होता.

"एकट्याच असतात, साहेब. पार टोकाचं घर. शेजारबी न्हाई."

साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि कागद फिरवून पुढं सरकवला. रतनबाईंनी एकेक अक्षर जुळवत सावकाश सही केली. सोमनाथनं वाकून, शाई वाळावी म्हणून, तिच्यावर हलकी फुंकर घातली.