टर्बोची दुसरी गाडी

"वायच थांबा, आता ओढतली." चढ आला की आमच्या कसालचे भाड्याच्या गाडीवाले काका मागे न बघता एवढंच म्हणायचे.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची त्यांची टर्बो डिझेल जीप तुम्ही पाहायला हवी होती. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो, तो टर्बो. त्या जुन्या टर्बोला जोर यायला वेळ लागे. पाय दाबला तरी जीप क्षणभर रेंगाळे, मग एकदम उसळी घेई आणि आम्ही सगळे सीटला चिकटत असू. एकदा हवेचा पाइप फाटला, तर काकांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून आम्हाला सावंतवाडीला पोचवलं.

पुढे पाठ दुखायला लागली म्हणून त्यांनी नवी गाडी घेतली. तिचा टर्बो पाय दाबल्याबरोबर ओढायचा. डिझेल किती सोडायचं तेही कॉम्प्युटरच ठरवायचा. काकांचं ते वाक्य बंद पडलं.

"आता काय सांगूचा? म्हणाच्या आधी चढ सरता."

त्याच गाडीतून आम्ही आईला गोव्याच्या हॉस्पिटलात नेत होतो. तिला श्वास पुरत नव्हता. कुडाळच्या पुढे चढावर एक पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोरच गेला. काकांनी बॉनेट उघडलं. पाइप सगळे शाबूत. फोनवर गॅरेजवाला म्हणाला, कॉम्प्युटर लावल्याशिवाय कळणार नाही.

"बाय, हिका काय झाला, ता माका कळना नाय," काका म्हणाले. आवाज अगदी दमलेला होता.

मग ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मासळीचा एक टेम्पो थांबला. नवी गाडी तशीच कडेला सोडून तेही आमच्याबरोबर चढले आणि गोव्यापर्यंत आईला खांद्यावर टेकवून बसले.

आई वाचली. गाडीची एक वायर सैल झाली होती, एवढंच निघालं. पण त्यानंतर काकांची नजर रस्त्यापेक्षा त्या दिव्याच्या जागेवर जास्त असायची.

"पयली बिघडताना आवाज तरी करी. ही गप रवता. रातची झोप लागना नाय माका."

वर्षभरात त्यांनी गाडी विकली. दुसरी घेतली नाही.

आता मी कुडाळला राहते. मध्यंतरी ऑफिसला जाताना कुडाळहून सुटलेल्या एसटीत ते दिसले. खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. ओरोसला उतरताना मी कंडक्टरला सांगितलं, "त्यांना कसालला उतरायचंय. तोपर्यंत उठवू नका."