भरलेला प्याला

"ख्रिस्ताचं रक्त, तुमच्यासाठी ओतलेलं," मी म्हणाले आणि प्याला पुढे केला.

समोर आमच्या जोगेश्वरीच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेक्रेटरी. त्यांनी मला हात जोडले, लग्नात जेवण झाल्यावर जोडतात तसे, आणि शेजारच्या रांगेत गेले. तिथे पाळकसाहेब प्याला घेऊन उभे होते. पुरुष.

सेक्रेटरींच्या मागचे सरकले. त्यांच्याही मागचे सरकले. रेशनच्या दुकानात शेजारची खिडकी उघडली की सरकतात तसेच. फक्त इथे डोळे मिटून, भक्तिभावाने.

माझ्या रांगेत शेवटी आई होती. मला वाटलं, ही येणार. तिने खाली बघितलं. पदर सारखा केला. आणि तीही गेली.

आता खरी गंमत ऐका. आमच्यात प्रभुभोजनाचा रस उरला तर मोरीत ओतत नाहीत. ज्याच्या हातात प्याला, त्याने तो संपवायचा. पाळकाची दीक्षा घेतल्यावरचं माझं ते पहिलंच प्रभुभोजन. नवा पांढरा झगा. काठोकाठ प्याला. सगळ्यांसमोर मी तो मान खाली घालून एकटीने प्यायले. मनुका उकळून रस मीच केला होता. गोड झाला होता, म्हणायला हरकत नाही.

त्याआधी कित्येक वर्षं तोच प्याला मी घासला होता. रिकामा माझ्या हातात सगळ्यांना चालायचा. भरलेला नाही. सेक्रेटरींच्या घरात आजोबांपासून सगळे शिकलेले. माझी आई त्यांच्याच बिल्डिंगचे जिने झाडायची. रविवारी चर्चमध्ये ती त्यांची 'भगिनी'. सोमवारी जिन्यावर 'ए बाई'.

घरी आईला विचारलं. म्हणाली, "सगळे गेले गं. मी एकटी कशी उभी राहू?"

तिच्यावर रागावताही आलं नाही.

पाळकसाहेब भला माणूस. म्हणाले, लोकांना थोडा वेळ द्या, तोवर तुम्ही फक्त शास्त्रवाचन करा. मी दिला वेळ. वाचलं. मयतीला मात्र मी सगळ्यांना चालायचे. मेलेला माणूस रांग बदलत नाही.

मग आई आजारी पडली. शेवटी शेवटी तिने प्रभुभोजन मागितलं. मी प्याला काढला, पुसला, रस ओतला. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पाळकसाहेबांना बोलाव ना."

बोलावलं. ते आले. त्यांनी दिलं. मी दाराशी उभी राहून आमेन म्हणाले.

लोकांना मी जो वेळ दिला, त्यातच आई गेली. ती गेली तीसुद्धा दुसऱ्या रांगेतून.

परवा मला उपनगरांतल्या आमच्या सगळ्या मंडळ्यांची प्रमुख नेमलं. सेक्रेटरी हार घेऊन आले. म्हातारे झालेत, पण हात तसेच जोडतात. त्यांना माझा फार अभिमान वाटतो म्हणे. मग खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणला.

"फक्त प्रभुभोजनाला दुसरी रांग राहू द्या बाई. एखादा तरुण पाळक उभा करा. उगाच कुणाचं मन दुखायला नको."

"रांग एकच राहील," मी म्हणाले. "आणि प्याला माझ्या हातात."

"लोक पुढे यायचे नाहीत."

"नकोत येऊ."

हार त्यांनी माझ्या गळ्यात घातलाच नाही. टेबलावर ठेवला आणि गेले.

या रविवारी जोगेश्वरीला प्रभुभोजन आहे. मनुका भिजत घातल्यात, चांगल्या भरपूर. दुसरा प्याला मी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. एकही माणूस पुढे आला नाही, तर सगळा रस मी पिईन. या वेळी मान खाली घालून नाही. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेकाच्या तोंडाकडे बघत पिईन.

आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरेन.