दम लागतो का?

अण्णांच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायचं ठरलं, तेव्हा हॉस्पिटलचा फॉर्म मी भरला. अण्णा म्हणजे माझे वडील. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. दम लागतो का? नाही. पूर्वीचं काही मोठं दुखणं? नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का? नाही. तिन्ही उत्तरं खोटी होती आणि तिन्ही माझ्या अक्षरात होती. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे खोटंसुद्धा नीटनेटकं दिसत होतं.

आमच्या घरात फॉर्म असाच भरतात. अण्णा बीडकडून भोसरीला आले, लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत लागले आणि वाळूच्या साच्यांतून निघालेली कास्टिंगं घासून साफ करण्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली. वर्षातून एकदा कंपनीच्या गेटवर मेडिकलची गाडी यायची. तिच्यात जो अनफिट निघेल त्याला आधी झाडलोटीला लावायचे, मग ओव्हरटाइम बंद, मग 'उद्यापासून येऊ नको'. म्हणून सगळे एकमेकांना पढवून ठेवायचे. गाडीत चढण्याआधी पाव तास सावलीत बसा, बीपी उतरतं. डॉक्टर काहीही विचारू दे, 'काही त्रास नाही साहेब' म्हणा. आणि फुंकायच्या मशीनसाठी घरी सराव करा. अण्णा आठवडाभर आधी फुग्यांचं पाकीट आणायचे आणि संध्याकाळी फुगे फुगवत बसायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, मेडिकल म्हणजे सणच. पुढे पुढे फुगा अर्ध्यावरच राहायला लागला, तर आम्ही हट्ट करून तो पुरा फुगवून मागायचो. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मीही त्याच वळणाची. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आलेल्या कास्टिंगच्या लॉटमधला एक पीस उचलायचा, कापायचा, आत कुठे पोकळी आहे का बघायची. कापताना धूळ उडते. मास्क मिळतो, पण घालतेच असं नाही. कापलेला पीस लाल रंग मारून भंगारात जातो. लॉट पास झाला तरी तो पीस काही परत लॉटमध्ये जात नाही. डॉक्टर 'तुकडा काढून बघू' म्हणाले तेव्हा मला तो लाल रंग दिसला.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. सीटी स्कॅनचं चित्र दाखवत म्हणाले, "काका, फुप्फुस बरंच झिजलेलं दिसतंय. दम नाही लागत तुम्हाला?"

"न्हाई साहेब. काई तरास न्हाई." अण्णांची पाठ एकदम ताठ झाली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे बघितलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाठ बरगड्यांच्या जवळ आहे, बाहेरून सुई घातली तर तुकडा चांगला मिळेल. पण सुईच्या भोकातून हवा निसटून छातीत साठू शकते आणि फुप्फुस आक्रसतं. धडधाकट माणूस ते निभावून नेतो. ज्याला मुळातच श्वास पुरत नाही त्याच्या जिवावर बेतू शकतं, तिथे दुसरा मार्ग शोधावा लागतो. "म्हणून विचारतोय," ते म्हणाले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर येताना अण्णा दोनदा थांबतात आणि कोणी दिसलंच तर चप्पल नीट करत असल्यासारखं दाखवतात. त्यात गेल्या वर्षी एका सकाळी अर्धांगाचा हलका झटका येऊन त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. दोन दिवसांत सरळ झालं, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी मागे लागली. हे सगळं दुसऱ्या दवाखान्यात झालेलं, या हॉस्पिटलला त्याचा पत्ता नव्हता. मला पत्ता होता. पण मला वाटलं, हे सांगितलं तर डॉक्टर हात वर करतील, म्हणतील, या माणसाला आम्ही हात लावत नाही, घेऊन जा घरी. मग ती गाठ काय आहे ते कळायचंच नाही, आणि ती आत वाढत राहील. अनफिट ठरण्याची जी भीती अण्णांना जन्मभर होती तीच मला होती. मी तपासणीची तारीख लिहून घेतली.

तारीख आली. आईला नुसतं 'तपासणी आहे' असं सांगून आम्ही रिक्षाने निघालो. सीटीच्या खोलीबाहेर अण्णांना हिरवा झगा दिला. त्याच्या नाड्या पाठीमागे बांधायच्या असतात, त्या बांधायला मी वाकले. बापाची उघडी पाठ इतक्या जवळून मी कधी बघितली नव्हती. प्रत्येक श्वासाला दोन बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. माझ्या हातातून नाडी सुटली.

तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या आणि माझंच अक्षर मोठ्याने वाचायला लागल्या. "रक्त पातळ करायची गोळी, नाही. बरोबर?"

"बरोबर," अण्णा म्हणाले.

त्या दिवशीची गोळी सकाळी मीच त्यांच्या हातावर ठेवली होती, घोटभर पाण्याबरोबर.

"बरोबर नाही," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग मला थांबताच येईना. गोळी, वाकडं झालेलं तोंड, जिन्यातलं थांबणं, सगळं बडबडत गेले.

अण्णा माझ्यावर उसळले. "काय सांगायलीस त्यांना? येड लागलं का तुला?"

डॉक्टर बाहेर आले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शेजारी बाकावर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "आज सकाळी घेतलीये गोळी?"

"हो."

"आज मी सुई घातली असती तर..." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. मी मात्र त्यानंतर ते रोज मनात पुरं करत आले.

त्यांनी आम्हाला हाकलून दिलं नाही. तपासणी पुढे ढकलली. तोंड वाकडं झालं तेव्हा ज्या डॉक्टरांनी गोळी दिली होती त्यांना विचारून ती काही दिवस बंद ठेवायची आणि मग सुई न घालता, घशातून श्वासनळीत बारीक नळी सोडून आतूनच तुकडा घ्यायचा. हवा निसटायचा धोका त्यात कमी, पण अजिबात नाही असं नाही. तुकडे बारीक निघतात, कदाचित निदान होणारही नाही.

गोळी बंद म्हणजे तोंड पुन्हा वाकडं व्हायची धास्ती. रोज सकाळी कंपनीची बस पकडण्याआधी मी अण्णांसमोर जाऊन उभी राहायची. "अण्णा, हसा." त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. "चारचौघांत बापाला अनफिट केलंस" एवढंच एकदा म्हणाले होते. पण मी दारातून हलत नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे बघून दात दाखवायचे. इतकं रागावलेलं हसू मी कोणाच्या तोंडावर बघितलेलं नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की मी बसकडे पळायची आणि बसमध्ये बसल्यावर वाटायचं, डावी बाजू जरा खाली होती का?

दुसऱ्या खेपेला काम अर्ध्यापाऊण तासात झालं. वॉर्डात आणल्यावर सिस्टर अण्णांना म्हणाल्या, "दम लागला, छातीत दुखलं तर लगेच सांगायचं काका. अंगावर काढायचं नाही." पुढचं सगळं अण्णांच्या सांगण्यावर होतं, आणि हा माणूस शेवटच्या श्वासालाही 'काही त्रास नाही साहेब' म्हणेल याची मला खात्री होती.

मी स्टुलावर बसून त्यांच्या छातीकडे बघत राहिले. दर पाच मिनिटांनी विचारायची, कसं वाटतंय. "ठीक हाय." बोटाला लावलेल्या मशीनचा आकडाही ठीकच होता. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. आधी दाराकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "दम लागायलाय."

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मी इतक्या जोरात उठले की स्टूल पडलं.

एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या कडेला हवेचा पातळ थर दिसला. लगेच ऑक्सिजन लावला, काही तासांनी परत एक्स-रे काढला. थर वाढला नव्हता, छातीत नळी घालावी लागली नाही. "वेळेवर सांगितलंत काका," डॉक्टर म्हणाले. अण्णा चोरी पकडली गेल्यासारखे भिंतीकडे बघत राहिले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. निघाली ती धूळ. फाउंड्रीतल्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं साचून फुप्फुसात गाठी झाल्या होत्या. झिजलं ते परत येणार नाही, दर तीन महिन्यांनी दाखवत राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे भीती गेली नाही, तिच्या तारखा ठरल्या एवढंच.

नंतर एका रविवारी मी माझ्या कंपनीच्या मेडिकलचा फॉर्म भरत बसले होते. अण्णा शेजारी कॉटवर होते. दम लागतो का? नाही. ते खरं आहे, अजून तरी. पुढचा प्रश्न, खोकला आहे का? चार महिने झाले, रोज सकाळी मोरीत उभी राहून मी खोकते. हाताने सवयीने 'नाही' लिहून टाकलं.

"खोड ते," अण्णा म्हणाले.

मी खोडलं आणि शेजारी 'हो' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं नीट आलं नाही. सोमवारी तो कागद मला साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता.